आवाजाला लावलेलं कुलूप

किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या अंधशाळेतला संगणक बुरुलचाच्याच आवाजात तिला म्हणाला, "मुदत संपली आहे. पैसे भरा." हे वाक्य ती जन्मात कधी बोलली नव्हती. तिच्या नोंदवलेल्या शब्दांचे तुकडे जोडून कुणीतरी ते बनवलं होतं.

किर्गिझ मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा मूळ प्रोग्रॅम तिचा. भाऊ जन्मांध, त्याला रशियन वाचणारी यंत्रं मिळत, आपल्या भाषेतलं एकही नाही. म्हणून खिडक्यांना जाड रजया टांगून तिने हिवाळाभर आपला आवाज नोंदवला आणि सगळं काम जगासाठी खुलं केलं. वापरा, बदला, हवं तर विका. फक्त दुसऱ्याला देताना आतला कोडही द्या, एवढीच अट.

राजधानी बिश्केकच्या एका कंपनीने त्या प्रोग्रॅमला नवं नाव दिलं, कोड दडवला आणि वर्षाच्या भाड्याने प्रोग्रॅम शाळांना दिला. काराकोलच्या शाळेचं भाडं थकलं, तशी मुलांची पुस्तकं मुकी झाली. बुरुलचाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी ती बिश्केकला जाऊन कंपनीत थडकली.

कंपनीचा मालक मेदेरबेक विद्यापीठात तिच्या मागच्या वर्गात होता. चहा पुढे करत, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "एजे, विकायला हरकत नाही हे तुम्हीच लिहिलंय ना? मग आता पोटात का दुखतंय?"

"विक की. दुप्पट दराने विक. पैसे घ्यायला कोण अडवतंय तुला? कोड कुठाय?"

फुकट वाटलेल्या वस्तूवर हक्क कसला सांगता, असं म्हणून तो हसला.

"फुकट नव्हतं रे ते, मोकळं होतं. तू कोंडलंस त्याला. वर माझ्याच तोंडून आंधळ्या पोरांकडे पैसे मागितलेस."

त्याने नोकरी देऊ केली, पगारही सांगितला. ती उठून चालती झाली.

काराकोलला परतून तिने शाळेत आपला मूळ प्रोग्रॅम बसवला, तर तो नव्या संगणकांवर अडखळू लागला. मेदेरबेकच्या माणसांनी हे दोष काढले होते. पण ती दुरुस्तीही कुलपाआड. तेच काम पुन्हा करताना ती रोज त्याला शिव्या घालत होती. काम झाल्यावर तिने मुख्याध्यापिका अनारकुलबाईंकडे आपली मजुरी मागितली. बाई चमकल्या. "म्हणजे तुम्ही आणि ते सारखेच की."

"पैसे मीही घेते, बाई. पण उद्या मी नकोशी झाले, तर दुसऱ्या कुणाकडूनही दुरुस्त करून घ्या. कोड तुमच्याच हातात आहे."

बाईंनी थोडा विचार करून मजुरी दिली.

मग तिने कंपनीवर खटला भरला. कंपनीने घाईघाईने तिचा आवाज काढून एका नटीचा बसवला. कोड अजून दिलेला नाही. तुमचा आवाज तर काढलाय त्यांनी, आता तडजोड करा, असं तिचा वकील सुचवतो. मग ती त्याच्यावरही खेकसते आणि पुढची तारीख विचारते.