मरून रेक्झिनचा ॲम्प

गिटारचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, घ्यायचा म्हटलं की लोक आवाजाबद्दल बोलतात. आमच्या घरात पहिला प्रश्न वेगळा असतो: "विकताना किती येतील?" माझी बायको मेधा बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, तेव्हा तिच्याशी वाद घालून काही उपयोग नाही. दोन वर्षांत फ्लॅट बुक करायचाय. त्यासाठी बाजूला ठेवलेल्यातले पंचावन्न हजार ती मला देणार, पण वेळ आली की ॲम्प विकून तेवढेच्या तेवढे परत ठेवायचे, ही अट. मी शब्द दिला.

पर्याय दोन होते. बंगळूरचे एक गृहस्थ हातानं ॲम्प बनवतात, मागाल तसा, मोजकेच. याला बुटिक म्हणतात. पंचावन्न हजार, निम्मे आगाऊ, तीन महिने थांबायचं. आवाजाला नावं ठेवायला जागा नाही. पण विकायला काढलात की गिऱ्हाईक विचारतं, "हे कोण?" आणि पस्तीसच्या वर कुणी बोलत नाही. दुसरा पर्याय विंटेज, म्हणजे साठच्या दशकातला विलायती, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. त्याची किंमत वाढतच जाते, फक्त सगळं मूळचं हवं. लाकडी खोक्यावर चिकटवलेलं कव्हर, स्पीकरपुढच्या जाळीचं कापड, पुढची कंपनीच्या नावाची पट्टी. फाटकं चालतं, बदललेलं चालत नाही. अंगावरच्या खुणा हाच त्याचा जन्मदाखला.

आणि असा एक कोल्हापुरात निघाला! एका मित्रानं ईमेलवर फोटो पाठवला. काळं कव्हर कोपऱ्यांवर उसवलेलं, जाळीवर चहाचा डाग, पट्टी जागच्या जागी. मालक वसंत मास्तर, ऑर्केस्ट्रात वीस वर्षं गिटार वाजवलेले, राजारामपुरीत राहणारे. किंमत पस्तीस हजार. मुंबईत तोच सत्तरला डोळे झाकून गेला असता. मी लगेच फोन लावला. मास्तर म्हणाले, "जरा जुना दिसतोय ओ." मी म्हणालो, "असू दे मास्तर, आहे तसा चालेल." का चालेल ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाव वाढला असता, मी काय खुळा आहे?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटहून एस.टी.त बसलो. तिकीट दीडशेच्या आसपास. हायवे चारपदरी झाल्यापासून हा प्रवास फार सुखाचा झालाय. खंबाटकीला कानात दडे बसतात, साताऱ्याच्या अलीकडे गाडी थांबते तिथला वडा तेलकट पण गरम, कराडच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. साडेअकराला कोल्हापूर. स्टँडवरून राजारामपुरीला रिक्षानं वीस रुपये. रिक्षावाला मीटरनं नेतो आणि सुटे परत देतो, हे पुणेकरांनी मुद्दाम लिहून घ्यावं. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता सापडायला त्रास नाही. क्लास, दवाखाने, पुन्हा क्लास, त्यातच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मास्तरांचं घर.

"या या पावणं! लवकर आलासा की." मास्तर साठीचे, अंगानं किरकोळ, आवाज मात्र मजबूत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, खाली ऑर्केस्ट्राचा जुना फोटो. काकूंनी पाणी दिलं, पोहे दिले, आणि मी नको म्हणालो तर ताटली तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. खाल्ले. मास्तरांची बोटं सांध्यात आखडलेली होती. "चौदा एप्रिलला रात-रातभर ह्याच्यावर वाजवलंय. आता बोट वळत न्हाय. वाजवणाऱ्याच्या घरात जाऊ दे म्हटलं," ते म्हणाले.

मग त्यांनी कोपऱ्यातली चादर ओढली.

मी पाहतच राहिलो. मरून रेक्झिन! नवं कोरं, चकचकीत, कडेनं सोनेरी पट्टी, जाळीच्या जागी क्रीम रंगाचं सोफ्याचं कापड. बेंदराला बैल सजवावा तसा सजवला होता बिचाऱ्याला. नावाची पट्टी गायब.

"कसा झालाय?" मास्तर लहान मुलासारखे हसत होते. "पुण्याचं पावणं लांबनं येणार, चालंल म्हणालं म्हणून काय फाटका द्यायचा? पेठ वडगावातनं माझ्या साडूकडनं करून घेटला. चार हजार गेलं. त्ये तुमच्याकडनं घ्याचं न्हाय."

मी बरोबर आणलेली गिटार लावली. आतलं काही कुणी हलवलं नव्हतं. व्हॉल्व्ह तापले, पहिली तार छेडली आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. गोड, जाड, जरासा खरखरीत आवाज. अर्धा तास वाजवत बसलो. काकू दारात येऊन टेकल्या. आणि हात वाजवत असताना डोकं हिशेब करत होतं: पट्टी नाही, कव्हर नाही, विकायला गेलो तर पंधरासुद्धा कुणी द्यायचं नाही. पस्तीसला घेतला तर मेधाचे वीस बुडाले.

शेवटी गिटार खाली ठेवली आणि सांगून टाकलं. सगळं. मूळ कव्हर म्हणजे काय, सत्तर हजार कसे येतात, आता का येणार नाहीत.

मास्तरांचं हसू हळूहळू गेलं. "म्हंजे मी नवा केला म्हणून कमी झाला?"

"हो."

"मग फोनवर का बोलला न्हाईसा?"

इथं खोटं बोलायची माझी टाप नव्हती. "तुम्ही भाव वाढवला असता."

मास्तर म्हणाले, "व्हय. वाढवला असता की." आणि उठून स्कूटरची किल्ली घेतली. "चला. जुनं कव्हर बघूया, साडूनं ठेवलं असंल."

पेठ वडगाव हायवेला लागून थोडं आत, तासाभराचा रस्ता. तुम्ही गेलात तर वडापनं जा, म्हणजे शेअरिंगच्या जीपनं, दहा-बारा रुपये घेतात. मास्तरांच्या स्कूटरवर मागं बसू नका, ते बोलताना मान पूर्ण वळवतात. शनिवारची दुपार, पेठेत गर्दी, भर बाजारात साडूंचं सीट-कव्हरचं दुकान. ते जीपच्या सीटला टाके घालत होते.

"जुनं कव्हर? त्ये?" साडूंनी आठवून पाहिलं. "बंबात घाटलं की. लई धूर झाला, बायको वराडली."

"आणि पुढची पट्टी?" मी.

"ती भंगारात गेली. का ओ? नवी पायजे काय? करून देतो, मस्त, नाव घालून."

म्हणजे साठ सालचं विलायती कव्हर जाळून यांनी अंघोळीचं पाणी तापवलं. मला हसायला आलं आणि रडायलाही. परतीच्या वाटेवर मास्तरांनी मान एकदाही वळवली नाही.

घरी आल्यावर मी पंधरा हजार देऊ केले. आता लिहिताना लाज वाटते, पण केले. मास्तर म्हणाले, "पंधराला? न्हाय पावणं. त्यापरास हितंच राहू दे." रागानं नाही, थकून म्हणाले. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांबडा-पांढरा रस्सा, भाकरी, वर दही. इतकं चांगलं जेवण मी इतक्या अवघडून कधी जेवलो नाही. संध्याकाळची साडेपाचची गाडी पकडली आणि अकराच्या आत घरी पोचलो.

मेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाला आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पन्नासला घेतला असतास आणि तरी वीस सुटले असते." हा हिशेब मला सहा तासांच्या प्रवासात सुचला नव्हता. मी सोमवारी बंगळूरला आगाऊ रक्कम पाठवली. विकताना जो वीस हजारांचा खड्डा पडेल तो शनिवार-रविवार शिकवण्या घेऊन भरणार, असं नवं ठरलंय. तुम्ही जुना ॲम्प घ्यायला निघणार असाल तर एवढंच सांगतो: मालकाला पहिल्याच फोनवर सांगा, कापडाला हात लावू नका, आणि का तेही सांगा. भाव वाढला तर वाढू दे.

पोस्ट इथंच संपणार होती. पण काल सकाळी मास्तरांचा फोन आला. तीन आठवड्यांनी.

"पावणं, काढलं बघा."

"काय काढलं?"

"रेक्झिन. सगळं. आठ दिवस सुरीनं खरवडत बसलोय. आता निस्तं लाकूड दिसतंय, जुनं, आतलं. आली का किंमत परत?"

मला त्यांची बोटं दिसली. खरवडलेलं खोकं तर कुणी दारातही उभं करत नाही. मी म्हणालो, "आली मास्तर. बरीच आली."

"मग कवा येताय न्यायला?"

मला सांगावं लागलं, की मी दुसरा घेतला. पैसेसुद्धा भरले. पलीकडं राजारामपुरीची रहदारी ऐकू येत होती.

"आसू दे, आसू दे," मास्तर म्हणाले. "किंमत आली न्हवं परत. मला त्येच लागून राहिलं हुतं."