आवळ्याखालची पंगत

सासूबाईंचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य भोपाळच्या सरकारी क्वार्टरात गेलं. कार्तिकातलं आवळीभोजन, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली पंगत, नागपूर सुटल्यापासून त्यांनी कुंडीत खोचलेल्या फांदीसमोर उरकलं. त्यामुळे शहराबाहेर, करोंदच्या पलीकडच्या आमच्या नव्या प्लॉटवर नाल्याकाठी आवळा आहे हे कळल्यापासून त्यांना धीर निघेना. झाडाखालची जागा झाडायला जवाहर चौकातून नवा खराटासुद्धा आला.

इथेच घोडं अडलं. आम्ही प्लॉटवाल्यांनी आपखुशीने एक नियम केला होता: नाल्याच्या काठाला झाडू नाही, कोयता नाही, गाडी नाही. पाचोळा पडू द्यायचा. पावसाचं पाणी त्यातून झिरपलं की माती जागेवर राहते आणि खालच्या गावाचं तळं गढूळ होत नाही. सरकारने सांगितलं नव्हतं, दंडही नव्हता. बैठकीत सगळ्यात मोठा आवाज मात्र माझा होता, आणि आवळा नेमका त्याच पट्ट्यात.

"केरात बसून जेवाचं काहून?" सासूबाई म्हणाल्या.

"पंगतीपुरतं झाडू. कोण बघतंय?" इति नवरा.

मी त्याच्यावर जाम चिडले. पण करोंदला जाताना गाडीत मागच्या सीटवर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर खराटा घेऊन बसल्या होत्या. त्यांना नाही कसं म्हणायचं, याचीच वाक्यं मी मनात जुळवत होते.

झाडाखाली त्यांना खुर्ची दिली. नवऱ्याने खराटा उचलला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी काठीने पाचोळा जरा बाजूला सारला. वर कुरकुरीत पानं, खाली ओली काळी माती आणि तिच्यात आवळ्याची इवली इवली रोपं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"ठेव तो खराटा," त्या मुलाला म्हणाल्या. "लेकरं निजली हायेत."

रोपं सोडून पलीकडे पाचोळ्यावरच सतरंजी पसरली. वरणभात झाला, पाटवडीचा रस्सा झाला. खरकटी भांडी नाल्यात विसळायची नाहीत, घरी न्यायची, हेही सासूबाईंनीच फर्मावलं.

तेवढ्यात बाजूच्या प्लॉटवरची शेजारीण डोकावली. "अम्माजी, पत्तों पर ही बैठ गईं?"

"हमारे यहाँ आँवले के नीचे झाड़ू नहीं लगाते, बेटा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पुरानी रीत है."

नवऱ्याला ठसका लागला. मला त्या क्षणी सासूबाई इतक्या आवडल्या, की त्या नको नको म्हणत असताना मी त्यांच्या पानात आणखी दोन पाटवड्या वाढल्या.