अप्पा उठले आणि रेघ खाली गेली

अप्पांचं एकट्यानं बसनं जाणं मीच बंद केलं होतं. मारतहळ्ळीच्या आमच्या घरून बस बदलत ते दर गुरुवारी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांकडे पत्ते खेळायला जात. पण घरी पाहुणे आले, अप्पा स्वागताला उठले आणि कपाट धरता धरता खालीच बसले, असं दोनदा झालं. बसमध्ये झालं तर? तेव्हापासून मी रोज त्यांचं बीपी मोजत होते, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर. आकडे दर वेळी ठीक.

"आकडे ठीक, मग मी घरात का?" अप्पा विचारत. मी पुन्हा एकदा मोजत असे.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर एका संशोधन संस्थेची विनंती आली. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम ही कामं आपल्याला न विचारता चालवणाऱ्या मज्जासंस्थेत वयाबरोबर काय बदलतं, याचा अभ्यास. सगळ्या वयांची माणसं हवी होती. आम्ही दोघांनी नावं दिली.

आधी माझी पाळी. पडद्यावर माझे ठोके उमटत होते. श्वास घेतला की भरभर, सोडला की सावकाश. इतकी वर्षं हे माझ्या छातीत चालू होतं आणि मला पत्ताच नव्हता! मी संस्थेतल्या डॉक्टरबाईंना इतके प्रश्न विचारले, की त्या म्हणाल्या, "मॅडम, बोललात की श्वास बिघडतो. स्वल्प, थोडं गप्प." हा चढउतार वयाबरोबर कमी होत जातो, हे त्यांनी नंतर सांगितलं.

मग अप्पा. त्यांच्या बोटाला प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब टिपणारा पट्टा लावला. आधी शांत पडून राहायचं, सांगितलं की उठायचं. डॉक्टरबाई कागद आणायला गेल्या, परत आत आल्या, आणि अप्पा ताडकन उभे, हात जोडून. पुन्हा झोपवलं, पुन्हा सुरुवात. त्या पुन्हा बाहेर जाऊन आल्या, अप्पा पुन्हा उभे.

"अज्जा, आता मी खिडकीतून येऊ का?" अप्पांना कानडीत आजोबा म्हणत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाईमाणूस दारात उभं, आणि मी लोळत पडू?" असं म्हणता म्हणता अप्पांनी पलंगाची कड घट्ट धरली. मी धावले, दोन्ही दंड धरले. अप्पा सावरले.

"इकडे बघा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. रक्तदाबाची रेघ एकदम कोसळली होती आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा जागेवर आली होती. मघाशी ते उठले तेव्हाचीही तशीच. मला एकदम उलगडलं. माझं घरचं यंत्र दंड आवळून आकडा दाखवेपर्यंत तो खड्डा भरून निघत होता! मला तर नाचावंसं वाटलं.

अप्पा पडद्याकडे वाकले. "म्हणजे गव्हर्नर उशिरा पकडतोय." इंजिनाचा वेग आवरणारा तो भाग तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. "पण पकडतो ना?"

"पकडतो," डॉक्टरबाई हसल्या. "वयानं उशीर होतो. पण अज्जा, हा अभ्यास आहे, निदान नाही. तुमच्या डॉक्टरांना दाखवा."

आमच्या डॉक्टरांनी कागद पाहिले, एक गोळी बदलली आणि बसला हरकत घेतली नाही. अट एकच, झटकन उठायचं नाही. आधी पोटऱ्या आवळायच्या, थांबायचं, मग धरून उठायचं. बस थांबल्याशिवाय जागा सोडायची नाही.

"पण पाहुणे आले तर?" अप्पांनी विचारलं.

"तेव्हाही," मी म्हटलं. "ते जमलं तरच बसनं जायचं."

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या. अप्पांची पाठ खुर्चीवरून सुटली, पण हातांनी खुर्ची पकडली आणि ते तिथेच थांबले. पोटऱ्या आवळलेल्या मला धोतराबाहेर दिसत होत्या. बसल्या जागेवरून त्यांनी हात जोडले.

"या अक्का, बसा. मी मागाहून उठतो."

अक्का चकित होऊन बसल्या. अप्पा सावकाश उठले, ताठ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.

"उद्या गुरुवार."

"सरी, चालेल," मी म्हटलं, आणि त्यांचा बसचा पास काढून दिला.