सुजाताताईचं हरणं

नाशिकहून निघताना बायकोने डब्याबरोबर एक सूचनाही बांधून दिली. "तो आलुबोंड्याचा किस्सा थोडक्यात सांगा. मागच्या लग्नात तुमच्यापायी नवरदेव खोळंबला होता."

हा किस्सा आमच्या घराण्यात माझ्या मालकीचा आहे. ज्यांनी तो ऐकला नसेल (असे फार थोडे उरलेत) त्यांच्यासाठी सांगतो. माझी मावसबहीण सुजाताताई पुसदची. शाळेत असताना ती चढाईला गेली की समोरच्या मुली जागच्या जागी चुळबुळायला लागायच्या. जिल्ह्याची निवड ढाणकीला होती. वजनाची अट पंचेचाळीस किलो, म्हणून ताई दोन दिवस नुसत्या पाण्यावर. मी अकरा वर्षांचा, सुट्टीला आलेला. वजनाच्या सकाळी मी तिच्यासमोर बसून तीन आलुबोंडे (आमच्या नाशिककडचे बटाटेवडे) खाल्ले, चौथा तिने माझ्या हातातून ओढला आणि गिळला. वजन अर्धा किलो जास्त भरलं. ते उतरवायला तिला स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या, त्यात ती दमली आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत एकीने तिचा घोटा धरला. सामना एका गुणाने गेला, त्याबरोबर राज्याच्या संघातली जागाही. "अशा रीतीने महाराष्ट्राने एक खेळाडू गमावली आणि मी एक आलुबोंडा," हे माझं शेवटचं वाक्य. यावर आजवर कोणी हसलं नाही असं झालेलं नाही.

आता पुसदच्या एका मंडळाने ताईचा सत्कार ठरवला होता. तिची ओळख करून द्यायला मला बोलावलं होतं. प्रवासभर मी खिडकीच्या काचेकडे तोंड करून तालीम केली. शेजारच्या प्रवाशाने मध्येच जागा बदलली.

शुक्रवारी सकाळी पुसद आलं. चहूकडून टेकड्या, मधल्या वाटीत गाव. बसस्थानकाबाहेर पोह्यांवर लालभडक तर्री ओतली जात होती. मी एक प्लेट घेतली आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत ताईच्या घरी पोहोचलो. ताई चोपन्न वर्षांची आहे. शाळेतली शिपायाची नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवते. अंगणात पायात पांढरे बूट घालून भाजी निवडत बसली होती.

"जय भीम, राज्या. रडून कायले राह्यला?"

"तर्री," मी म्हणालो.

"तर्रीनं रडते हा माणूस आणि माया सत्काराले भाषण देते!"

तिने निमंत्रणपत्रिका माझ्यापुढे टाकली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'संधीअभावी मागे राहिलेल्या गुणी खेळाडूंचा सत्कार'. खाली ताईचं नाव पहिलं.

"छान आहे की," मी म्हणालो.

"काय छान आहे? मले संधी नाही भेटली असं कोन म्हनते? पंधरा-पंधरा मिनिटाचे दोन हाफ भेटले. पूर्ण भेटले. आता मले सांग, तू तिथं काय बोलनार?"

मी उत्साहाने सुरुवात केली. तीन बोंडे झाले, चौथा झाला, स्वेटर आलं. ताईने मेथीची जुडी खाली ठेवली.

"फेऱ्या? कोन्या फेऱ्या?"

"वजन उतरवायला मारलेल्या. स्वेटर घालून."

"स्वेटर होतं, कारन थंडी होती. फेऱ्या नाही मारल्या मी. वजनात तं मी पासच झालती."

मला हसू आलं. मी स्वतः तिथे होतो, मैदानाच्या कडेला उभा होतो, असं म्हणालो. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तर्रीचं निमित्त काढून डोळे पुसले.

"उद्या सकाळी सहाची गाडी आहे," ती म्हणाली. "मुकुटबनले जाऊ. जिनं मले धरलं ती तिथं राह्यते. नसीम. तिच्या शाळेच्या जुन्या मास्तरकडून पत्ता काढला. तिले घेऊन येऊ, मंग मी स्टेजवर चढतो." (वऱ्हाडात बायकाही 'चढतो', 'येतो'च म्हणतात.) "ती नाही आली तं मीही नाही चढत. आणि तुया तोंडून ते बोंड्याचं निघालं तं मी तिथूनच उतरून जातो. पाहून घे."

मंडळाच्या अध्यक्षांचा संध्याकाळी फोन आला. "पाहुणे, जरा हृदयाला भिडेल असं बोला," ते म्हणाले. मी हो म्हणालो. सगळ्यांना हो म्हणणं हा माझा जुना खेळ आहे, त्यात मी राज्य पातळीवर गेलो असतो.

शनिवारी आम्ही जिल्हा आडवा कापला. यवतमाळपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, वेचणाऱ्या बायका, मध्ये सागाचं रान. यवतमाळला चहा घेताना वणीची बस सुटत होती. मी धावलो आणि हातातला चहा स्वतःच्या शर्टावर घेतला. ताई धावली नाही. तिने फक्त हात वर केला आणि बस थांबली.

बसमध्ये तिने मला खिडकीशी बसवलं. म्हणजे मला पळता येऊ नये.

"राज्या, एक सांग. त्या दिवशी वजन कुठं झालं?"

"शाळेत."

"शाळेचा काटा बिघडला होता. ढाणकीच्या धान्यबाजारात केलं. तिथला तोलारी (माल तोलणारा माणूस) आयुष्यभर पोते तोलत आलेला. एकेक पोरगी काट्यावर चढे आन् तो ओरडे, 'सेहेचाळीस! एक बारदाना वजा! पंचेचाळीस!'"

बारदाना म्हणजे रिकामं पोतं. तोलारी पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन सांगत नाही, आणि त्या दिवशी हाताच्या सवयीने त्याने मुलींचाही बारदाना वजा केला होता.

"मास्तर काही बोलले नाहीत?"

"मास्तरच्या घरचीही तूर तोच तोले. सवयच होती सगळ्याइले. कोनाच्या ध्यानातच नाही आलं. आम्ही पोरी तोंडात ओढनी कोंबून हसलो."

 फेऱ्या मारणारी ताई मला अजूनही स्पष्ट दिसत होती, अगदी तिच्या स्वेटरच्या उसवलेल्या बाहीसकट. बाही खरी होती. फेऱ्या मी किश्श्यात कधी घातल्या कोण जाणे. बहुधा एखाद्या लग्नात, लोक हसायचे थांबले असतील तेव्हा.

"पण ताई, मी तर नेहमी स्वतःलाच दोष देतो," मी शेवटी म्हणालो. "तुझ्यावर कधी काही ढकललं नाही."

"तेच तं," ती म्हणाली. "मी हरली ते मायं होतं. तू ते बोंड्यासंगं खाऊन टाकलं. मंग आनखी दोन वर्सं खेळली मी. दोनी वर्सं हरली. ते तं तू सांगतच नाहीस. त्याच्यात तू नव्हता ना!"

कंडक्टर तिकीट तपासायला आला. मी चुकून त्याला निमंत्रणपत्रिका दाखवली.

वणीपासून रस्त्यावर कोळशाचे ट्रक. मुकुटबनला उतरेपर्यंत माझा चहाचा डाग दिसेनासा झाला होता, कारण सगळा शर्टच त्या रंगाचा झाला होता. नसीम आपांच्या घरापुढे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मिस्त्री, म्हणजे त्यांचे यजमान, एका इंजिनात कोपरापर्यंत बुडाले होते. त्यांनी आत आवाज दिला. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या नसीम आपा ओढणीला हात पुसत बाहेर आल्या आणि आमच्याकडे कोऱ्या नजरेने पाहत राहिल्या.

"ढाणकी," ताई म्हणाली. "कबड्डी. शेवटची चढाई."

आपांची नजर ताईच्या चेहऱ्यावरून खाली घसरत गेली आणि पायांवर थांबली.

"डावा पाय!" त्या ओरडल्या. "हात मारून पलटली की डावा पाय मागं सोडायची तू. चेहरा याद नहीं बाई, पर पाय याद है!"

मग दोघी अशा काही हसायला लागल्या की मिस्त्री इंजिनातून बाहेर आले.

आत चहा आला, संध्याकाळी सोल्यांची भाजी (सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे) आणि ज्वारीची भाकर आली. आपा सांगत होत्या, "पहिल्या हाफमध्येच पाहून घेतलं होतं मी. पर चूप बसली. पकडलं असतं तं हिनं पाय सुधारला असता. आखरीपर्यंत थांबली."

"तीन गुन दिले तू मले त्याच्यासाठी," ताई म्हणाली.

"दिये ना. आखरीवाला लेने के लिए."

ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. "ऐकलं? पूर्ण सामना ही माया पाय वाचत होती. आन् तू म्हनतो आलुबोंडा."

आपांना आलुबोंड्याचं काही ठाऊक नव्हतं. ताईने मला सांगायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो किस्सा मी खाली मान घालून सांगितला. शेवटच्या वाक्यावर कोणी हसलं नाही.

"मतलब ही दमली म्हनून मी जिंकली?" आपा म्हणाल्या. "वा रे वा! पस्तीस-चाळीस साल झाले, ये मेरे पीठ पीछे चल रहा था? आन् वजनाचं म्हनशील तं माया बारदाना त्या बाबानं दोन किलोचा धरला होता!"

मी माफी मागितली. त्यावर आपांनी मला उभं राहायला सांगितलं. घोटा कसा धरतात ते तोंडी सांगून मला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अंगणात रेघ ओढली गेली. मी चड्डीतल्या दिवसांनंतर प्रथमच 'कबड्डी कबड्डी' म्हणत पुढे गेलो, हात लावला, पलटलो, आणि आकाश दिसलं. मध्ये काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. पॅन्ट गुडघ्यावर फाटली.

"मलेही असंच धरलं होतं," मिस्त्री इंजिनातून म्हणाले. "अजून सोडून नाही राह्यली."

आपा राज्याच्या संघात गेल्या होत्या. तिथे पहिल्याच दिवशी राखीव बाकावर बसल्या आणि शेवटपर्यंत बसूनच राहिल्या. "तिथल्या पोरी मेरे से तेज थ्या," त्यांनी ओढणीवरची धूळ झटकावी तसं सांगून टाकलं. वाईट नाही का वाटलं, असं मी विचारलं. "लागलं ना. कायले नाही लागनार? पर मैं बिचारी नहीं हूँ. बिचारी म्हनलं कोनी तं त्याचाही घोटा धरतो."

ताईने पत्रिका दाखवताच आपा बरोबर यायला तयार झाल्या. रविवारी पहाटे मिस्त्रींनी जीपने वणीला सोडलं आणि दुपारी आम्ही तिघं पुसदच्या मैदानावर होतो. मंडपात ताईच्या शिष्या, आमचं अर्धं खानदान आणि वर पत्रिकेतलंच 'संधीअभावी' लिहिलेला फलक. अध्यक्षांनी आपांकडे पाहून विचारलं, "ह्यांचं नाव तर यादीत नाही. यांना कोणती संधी मिळाली नव्हती?"

"हिले सगळ्या भेटल्या," ताई म्हणाली. "मलेही. खुर्ची टाका."

खुर्ची टाकली गेली. माईक माझ्या हातात आला. मी एक पाय ओढत, फाटक्या गुडघ्यावर पत्रिका धरून उभा राहिलो. पहिल्या रांगेतून धाकट्या मावशीचा आवाज आला, "राज्या, आलुबोंड्याचं सांग नं!" मागे हशा पिकायला लागला. तो हशा मला पुरता ओळखीचा आहे. तो आला की माझे पाय जमिनीवरून सुटतात. समोर अध्यक्ष रुमाल काढून तयार बसले होते. ताईने खुर्चीवर बसल्या बसल्या बुटाची नाडी आवळली, निघण्याच्या बेताने.

"आलुबोंड्याचं खोटं आहे," मी म्हणालो. "म्हणजे बोंडे खरे. फेऱ्या मी किश्श्यात घातल्या, त्या ताईने मारल्याच नाहीत. ती दमलेली नव्हती. तिला कोणी अडवलं नव्हतं. तिचा डावा पाय मागे राहायचा, आणि ते जिने पाहिलं ती ही, नसीम आपा. ताई हरली, कारण समोरची त्या दिवशी तिच्यापेक्षा चांगली खेळली. पुढे आणखी दोन वर्षं ती गेली आणि दोन्ही वर्षं हरली. एवढंच आहे."

मंडपात शुकशुकाट झाला. माझ्या भाषणानंतर असा शुकशुकाट पहिल्यांदाच अनुभवत होतो, त्यामुळे हाताचं काय करायचं ते कळेना. मावशी पुटपुटली, "हे काय बापा भाषण!" अध्यक्षांनी रुमाल खिशात परत ठेवला.

ताई उठली, माईक घेतला. "माया पोरी समोर बसल्या आहेत, त्याइले सांगतो. मी भारी खेळत होती आन् भारी खेळूनच हरली. त्याच्यासाठी शाल देत असाल तं द्या, दोघीइले द्या. पन तो बोर्ड उतरवा आधी."

अध्यक्ष चुळबुळले. फलक उतरवायची वाट न पाहता ताईच्या दोन शिष्या खांबावर चढल्याच होत्या. फलक खाली आला, मग शाली आल्या. शाल एकच जास्तीची होती, ती खरं तर मला मिळायची होती. ती आपांच्या खांद्यावर गेली. दोघी परत बसल्यावर आपा ताईच्या कानात काहीतरी म्हणाल्या आणि ताईने पटकन आपला डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

सोमवारी मला बसस्थानकावर सोडायला ताई आली. कागदात बांधलेलं गरम पुडकं तिने माझ्या मांडीवर ठेवलं. "खा. ह्याच्यानं कोनी हरत नाही." मग खिडकीच्या गजावर हात मारून मुलींच्या सरावाला निघून गेली, पाय पुरते उचलत, भराभर.

गाडी टेकड्यांवर चढायला लागली. आता लग्नकार्यांत मी काय सांगणार हा प्रश्नच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, स्वतःवर हसणारा माणूस कोणाचं काही घेत नाही. मी मात्र एका बाईचा अख्खा सामना घेऊन बसलो होतो.

शेजारच्या प्रवाशाने माझ्या गुडघ्याकडे पाहून विचारलं, "पडले का काय?"

"कबड्डी," मी म्हणालो, आणि मग ओघातच ताईचं सांगितलं. ढाणकी, तोलारी, बारदाना, शेवटची चढाई.

"मंग?"

"हरली."

"काहून?"

"समोरची भारी होती."

तो पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. आलुबोंडा होता, तो दिला.