तोकिएबाईंची सात भाज्यांची पेज

जपानातल्या इगाच्या खोऱ्यात नव्या वर्षाचा सातवा दिवस पेजेचा. सात कोवळ्या पालेभाज्या घातलेली भाताची पेज घरातल्या सगळ्यांनी मिळून खायची, म्हणजे वर्षभर दुखणं दाराशी फिरकत नाही. तोकिएबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हा पाला स्वतः खुडून आणायच्या. बाळंतपणाचे दिवस भरत आले होते, तेव्हाही बाई बांधावर ओणव्या होत्या.

पण गेल्या वर्षी तिथंच पाय घसरला, खुबा मोडला, आणि मुलगा कात्सुमी हटून बसला. यंदा त्यानं दुकानातून सातही भाज्यांचं तयार पाकीट आणलं आणि शेताचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. बाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. आज बांध सुटला की उद्या परस सुटणार, मग अंथरूणच धरायचं, एवढं काय त्यांना कळत नव्हतं?

सातव्या दिवशी उजाडलं तेव्हा कात्सुमी घोरत होता. बाईंनी काठी नि टोपली घेतली. दारात सून चिहारू उभी. ओसाका शहरातली पोर, शेतातलं ओ की ठो कळत नाही. आता ही नवऱ्याला हाक मारणार, असं बाईंना वाटलं. पण ती बूट चढवत हळूच म्हणाली, "एकट्या नका जाऊ आई, मीपण येते."

बाहेर रान पांढरंफटक पडलं होतं. गारठ्यानं मातीतून बर्फाच्या बारीक सुया वर आल्या होत्या, पाय पडला की करकरायच्या. बाई जपून चालल्या, दहिवर झटकून पानं खुडत राहिल्या. एकेक भाजी ओळखीच्या जागी भेटत गेली, तशी त्यांची कळी खुलली. चिहारूला मात्र त्या सुयांचा नाद लागला. मुद्दाम त्यांच्यावर थयथय नाचत सुटली, आणि नाचता नाचता घसरून थेट पाटाच्या चिखलात बसली. बाईंनी काठी रोवली, तिचा दंड धरला आणि ओढून बाहेर काढलं. मग दोघी हसू लागल्या, ते काही केल्या थांबेना.

पेज शिजली, सगळे गोल बसले. कात्सुमीची नजर आईच्या चिखलानं भरलेल्या बाहीवर गेली. "पडलीस ना शेवटी? कुणाचं ऐकायचंच नाही तुला."

बाई पेजेवर फुंकर घालत राहिल्या. सुनेची चुगली कशी करायची?

"मी पडले," चिहारू म्हणाली. "आईंनीच मला वर काढलं."

नातवंडं फिदीफिदी हसली. कात्सुमीनं बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्याचा राग कुठच्या कुठे गेला. रिकामा वाडगा पुढे करत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी हिला जरा सांभाळून ने, आई."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याचा वाडगा काठोकाठ भरला आणि आपल्या वाट्याला काही उरलंय का, ते बघितलंच नाही.