पुलावरचा उतारा

कोल्हारच्या भिमाजीचं सायकलदुरुस्तीचं दुकान बेताचंच चालायचं, पण होमगार्डची खाकी चढली की गडी फौजदाराच्या वर. शर्टात आणखी एक भिमाजी मावला असता, तरी ऐट कमी नव्हती. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि प्रवरेच्या पुलावर त्याचा पहारा लागला. नगरच्या शिबिरात त्याच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: बेवारस वस्तू दिसली की हात लावायचा नाही, ठाण्याला कळवायचं.

एका सकाळी कठड्याशी फडक्याचं गाठोडं दिसलं. भिमाजीने शिट्टी फुंकून दोन्हीकडची वाहनं थांबवली. चहावाल्याने लांबूनच सांगितलं, अरे, हा उतारा आहे, कुणाची तरी पीडा उतरवून ठेवलेली. शिवेल त्याला लागते. म्हणजे सरकारचं ऐकलं तरी शिवायचं नाही आणि गावाचं ऐकलं तरी नाही.

तेवढ्यात गावातली म्हातारी गोजरबाई गर्दीतून पुढे आली. तिचा एकुलता एक राधाकृष्ण सैन्यात होता, याच पुलावरून गेला होता. त्याच्या फोटोवरून भाकरी नि लिंबू उतरवून तिनेच ते ठेवलं होतं. हात लावू नका, म्हणून ती सगळ्यांच्या विनवण्या करू लागली.

भिमाजी पेचात पडला. कळवावं तर म्हातारीला ठाण्यावर नेऊन बसवतील. ठेवावं तर लष्कराच्या गाड्या यायच्या होत्या. बॉम्बला तो भ्याला नसता. उताऱ्याला मात्र लहानपणापासून भीत होता. तरी गेला, गाठोडं उचललं आणि नदीत सोडून दिलं.

गोजरबाई मटकन खाली बसली. "तुला लागंल की रं आता. घरी कोन हाय तुझी दिष्ट काढाया?"

"कुनी न्हाई. मी पाळन्यात असतानाच आय गेली."

ती उठून घरी गेली. वाहनं सुटली. भिमाजी पुन्हा पहाऱ्याला उभा राहतो तोच ती परत आली, मुठीत मीठ-मिरच्या घेऊन. भर पुलावर तिने त्याची टोपी काढायला लावली आणि सावकाश मूठ ओवाळली. राधाकृष्णासाठी आता दुसरा उतारा कुठं ठेवणार, असं चहावाल्याने विचारलं.

"न्हाई ठेवायची," ती म्हणाली. "ठेवला तर ह्योच उचलंल."

भिमाजीला रडू आवरेना. सगळ्या गावादेखत तो रडला.