भिंतीवरची गोळी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायचं काम पहिल्यापासून माझ्याकडंच आहे, कारण मी कळंबला शाळेत शिकवते आणि डॉक्टरांचा दवाखाना माझ्या रोजच्या वाटेवर पडतो. सकाळी जाताना जुनी चिठ्ठी तिथल्या सिस्टरकडं द्यायची. डॉक्टर सवडीनं ती बघतात, नवी तारीख घालून सही करतात. शाळा सुटली की चिठ्ठी घ्यायची आणि शेजारच्या मेडिकलमधून महिन्याच्या गोळ्या उचलायच्या. हल्ली तर व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला तरी चालतं.

गेल्या वर्षी मात्र गोळ्या महिना संपायच्या बऱ्याच आधी संपायला लागल्या. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं.

"आत्या, गोळ्या सांडतात का कुठं?"

"उंदरं नेत असतील."

"उंदरांना कधीपासून बीपी झालं?"

त्या हसल्या आणि शेंगा फोडत बसल्या. तिसऱ्यांदा लवकर चिठ्ठी दिली, तेव्हा सिस्टरनी मला आत पाठवलं. डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. सही केलेली नव्हती.

"मॅडम, एक तर आजी दोन-दोन गोळ्या खातायत, नाहीतर दुसरं कुणीतरी खातंय. दोन्ही वाईट. आधी त्यांना घेऊन या, मग सही."

मी घाबरले. आत्या विसरून दोनदा गोळी घेत असतील, तर कुठंतरी पडायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी करता करता मी त्यांच्यावर नजर ठेवली. चहा झाला. एक गोळी त्यांनी पाण्याबरोबर घेतली. मग पाकिटातून आणखी एक काढली, डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि अंगणात गेल्या. मी मागं.

आमच्या आणि शेजारच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. पलीकडं आत्यांच्या थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांना मी मोठ्या आत्या म्हणते. एका लग्नात आहेराच्या लुगड्यावरून दोघींचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. मी या घरात आले त्याच्या आधीची गोष्ट. आत्यांनी गोळी आणि गूळ भिंतीवर ठेवला, मोठ्यानं खोकल्या आणि पाठ फिरवली. पलीकडून बांगड्यांचा हात वर आला, गोळी उचलली, गूळ उचलला.

"आत्या!"

त्या दचकल्या. मग उलट माझ्यावरच खेकसल्या, "वरडू नको. तिला चक्कर यायलीय. तिची सून नळावर सांगत हुती. मलाबी आधी तशीच यायची, ह्या गोळीनं राहिली."

"पण तुम्ही तर त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही!"

"बोलत न्हाय म्हनून काय झालं? चक्कर काय भांडन बघून येती?"

मला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठ्या आत्या मला म्हणाल्या, "सूनबाई, तिला सांग, तुझ्या गोळीनं गुन न्हाय. आता तर उठलं की जास्तच गरगरायलंय."

दोघींत हातभर अंतर. तरी आत्या माझ्याकडंच बघून म्हणाल्या, "तिला इचार, मग खाल्ली कशाला?"

"तिला सांग, गुळासंगं चांगली लागायची."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गावी परत आले आणि दोघींना एसटीत घातलं. एक पुढं बसली, एक मागं. मी मध्ये उभी. दवाखान्यात मात्र गर्दी होती आणि एकच बाकडं रिकामं होतं. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. मग एक जाडजूड पाव्हणे मध्येच टेकायला आले, तसं आत्यांनी झटक्यात सरकून जावेजवळची जागा धरली.

आत्यांचं प्रेशर ठीक निघालं. मग डॉक्टरांनी मोठ्या आत्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली. पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली.

"आजी, तुम्हाला प्रेशर नाही. तुमच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून चक्कर येतीय. त्यात यांची गोळी खाऊन प्रेशर आणखी खाली गेलंय. न्हाणीत पडला असतात तर खुबाच मोडला असता. ती गोळी आजपासून बंद."

आत्यांचा चेहरा एकदम उतरला. हातातला पदर त्या नुसत्या पिळत राहिल्या. मी काही बोलणार, तेवढ्यात मोठ्या आत्याच त्यांच्याकडं वळल्या.

"तोंड कशाला पाडलंस? तुला काय म्हाईत हुतं? दुसऱ्या कुनी इचारलंबी न्हाय मला."

इतक्या वर्षांत दोघींमधलं पहिलं थेट बोलणं मी त्या दवाखान्यात ऐकलं. डॉक्टर रागवायच्या तयारीत होते, पण त्यांना ते जमलं नाही. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, आणि तासाभरात रिपोर्ट आल्यावर मोठ्या आत्यांच्या नावाची वेगळी चिठ्ठी केली. मेडिकलच्या पायरीवरच दोघींनी गोळ्या ताडून बघितल्या. मोठ्या आत्यांच्या लाल आणि टपोऱ्या निघाल्या, तेव्हा आत्या जरा खट्टू झाल्या. येताना एसटीत दोघी एका सीटवर होत्या आणि ते लुगडं अंजिरी होतं का हिरवं, यावर गाव येईपर्यंत भांडत होत्या.

आता मी महिन्याला दोन चिठ्ठ्यांचे फोटो पाठवते. डॉक्टरांनी एकच अट घातलीय: दर तिसऱ्या महिन्याला चिठ्ठी नाही, माणूस दाखवायचं. त्या दिवशी दोघी सकाळपासून आवरून बसतात.

परवाच्या खेपेला मोठ्या आत्यांचं रक्त चांगलं भरलेलं निघालं. "आजी, तुमच्या गोळ्या आता बंद करू," डॉक्टर खुशीत म्हणाले.

मोठ्या आत्या खुश झाल्या नाहीत. "मग म्या इथं यायचं कशाला?"

"यांच्या सोबतीला या की," डॉक्टर म्हणाले. "बरं, मला खरं सांगा, या गोळी वेळेवर घेतात का?"

"कुठली घेती!" मोठ्या आत्या खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या. "आन् लोनचंबी खाती, डॉक्टर. लई खाती."

"खोटं बोलायलीय ही!" आत्या उठून उभ्याच राहिल्या. डॉक्टरांनी हसत हसत त्यांना खाली बसवलं आणि दंडाला पट्टा बांधायच्या आधी म्हणाले, "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही."

दोघी मिनिटभर गप्प बसल्या असतील.